हॉस्पिटलच्या बसवरची लाल छत्री

छत्रीकाकांचा हिशेब असा होता. हॉस्पिटलच्या बसला दिवसभर गर्दी. एका फेरीला साठ माणसं धरा, दारात लोंबकळणारी वेगळी. शंभरात एकाला जरी आपल्या दुकानाची आठवण झाली, तरी वर्षभरात माल दुप्पट खपणार आणि दोन वर्षांत चौकातला कोपऱ्याचा गाळा आपला. एवढं पदरात पाडून घ्यायला खर्च काय, तर बसच्या अंगावर एक चित्र काढायचं भाडं.

बसच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरचं चित्र दिसत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. माझं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. दोघांनी एकमेकांच्या हिशेबातल्या चुका काढायच्या, हाच आमचा शेजारधर्म. काका म्हणाले, "चढताना दिसतं की. का आंधळे चढतात बसमध्ये?"

आमची गल्ली छत्री विकण्यासाठी जगातली सगळ्यात वाईट जागा. दोन्ही बाजूंच्या दुकानांनी पुढे काढलेले पत्रे मधोमध एकमेकांना टेकत, त्यामुळे गल्लीत ऊन उतरायचं नाही आणि पाऊसही नाही. गिऱ्हाईक आत येईपर्यंत कोरडं ठाक व्हायचं आणि आपल्याला छत्री हवी होती, हे विसरून बटणं घेऊन जायचं. माझं बरं चाललं होतं.

पण गाळ्याची खरी ओढ काकांपेक्षा काकूंना होती. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून छत्र्या त्याच शिवत. काळं कापड आठ तुकड्यांत कापायचं, जोडायचं, आणि मग एकेका काडीला टाके घालून बांधायचं. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा टाका, आणि डोक्यावर एक पिवळा दिवा, जो गल्लीतल्या चक्कीचा पट्टा फिरायला लागला की आणखी पिवळा व्हायचा. दुपारनंतर त्या डोळ्यांनी शिवत नसत, बोटांनी शिवत. चौकातला गाळा त्यांनी एकदाच पाहिला होता. बाजारातून येताना आत डोकावल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "मोठी खिडकी आहे. चार वाजेपर्यंत ऊन असतं." गिऱ्हाईक किती येईल, भाडं किती पडेल, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं, की हा गाळा घेतला जाणार.

त्या सुमारास परिवहन खातं तोट्यात बुडत होतं. तिकीट वाढवावं तर लोक रस्त्यावर येणार, न वाढवावं तर बस रस्त्यावर येणार नाही. शेवटी नगराच्या कारभाऱ्यांपैकी कुणाला तरी सुचलं, की बसची अंगं रिकामीच फिरताहेत, ती भाड्यानं द्यावी. मग एक तरुण अधिकारी बगलेत फाईल आणि हातात गुंडाळीची टेप घेऊन दुकानोदुकानी हिंडू लागला. तो माणसाशीही चौरस फुटात बोलायचा. दुसऱ्याच दिवशी गल्लीनं त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं, आणि त्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, टेप वीस फुटांची आहे, फूटपट्टी एकाच फुटाची असते.

प्रत्येक डेपोच्या बस ठरलेल्या, आणि प्रत्येक बसचा मार्गही ठरलेला. आजची बाजाराची बस उद्या कोर्टाला जाणार नाही. म्हणून मार्गवार दर होते. बाजाराचा सगळ्यात चढा. तो बिस्किटवाल्यांनी घेतला. कॉलेजचा टूथपेस्टवाल्यांनी, कोर्टाचा शाईवाल्यांनी. हॉस्पिटलचा मार्ग कुणी घेईना. मिठाईवाल्यानं तर विचारल्याबद्दल फूटपट्टीला पाणीसुद्धा दिलं नाही. शेवटी तो उतरत्या दरानं आमच्या गल्लीत आला, आणि काकांचे डोळे चमकले.

"लोक मूर्ख आहेत," काका मला म्हणाले. "आजारी माणूस कधी एकटा जातो का? बरोबर बायको, भाऊ, शेजारी. शिवाय भेटायला येणारे निराळे. बाजाराला माणूस एकटा जातो. सांगा, गर्दी कुठल्या बसला?"

दोन वर्षांचा करार झाला. भाडं महिन्याला, वर अनामत एकरकमी. हॉस्पिटलच्या मार्गावरच्या झाडून सगळ्या बस, दोन्ही अंगं आणि पाठ, बाजाराच्या एका अंगाच्या भावात. काका डेपोतून परत आले तेव्हा अशा चालीनं आले, की जणू बसच विकत घेतल्या.

त्या वेळी बसवरची चित्रं हातानं रंगवत. डेपोच्या मागच्या शेडमध्ये पेंटर फळीवर उभा राहून काम करायचा. तेलरंगाचा आणि टर्पेंटाईनचा वास रस्त्यापर्यंत यायचा, आणि येणारे-जाणारे उभे राहून त्याला सल्ला द्यायचे. आता कुणी जाहिरातीला सल्ला देत नाही. काकांनी काळी छत्री सांगितली होती. पेंटर म्हणाला, काळी लांबून भोकासारखी दिसते, लाल करू. लाल रंग त्याच्याकडे उरलेला होता, हे नंतर कळलं. पण छत्री काढली मात्र अशी, की खिडक्यांच्या खालपासून चाकापर्यंत उघडलेली, काड्यांचा ताण दिसावा, मुठीवर उजेडाचा ठिपका. खाली दुकानाचं नाव, गल्लीचं नाव आणि "एकदा घ्या, नातवाला द्या."

काकांनी लगेच लाल कापड मागवलं आणि काकू लाल छत्र्या शिवू लागल्या. लालवर टाका तरी दिसतो, म्हणाल्या.

आणि छत्री गाजली. अशी गाजली, की तसं भाग्य फार थोड्या मालाला मिळतं. बसच्या कपाळावरचा आकडा बोटभर, त्यामागचा दिवा बहुधा गेलेला. अंगावरची छत्री मात्र तीन चौकांवरून दिसायची. दोन-तीन महिन्यांत लोकांनी आकडे बोलायचे सोडून दिले. कारखान्यातले बिस्किटानं जायचे, कॉलेजची पोरं टूथपेस्टनं. भाऊबंदकीतले भाऊ एकाच शाईनं कोर्टात जात आणि पाठीला पाठ लावून उभे राहत. आणि हॉस्पिटलला जायचं, तर छत्री. "ही बिस्किट सोडा, मागून छत्री येतेय." हे वाक्य रस्त्यात कानावर पडलं, की काका गिऱ्हाईक सोडून ऐकत उभे राहायचे.

मला आजही त्या चौकातली संध्याकाळ आठवते. धूळ, कंडक्टरच्या घंट्या, आणि वळणावरून झुलत येणारी ती लाल छत्री. घरी कुणी आजारी नसलं तरी बघायला बरं वाटायचं. शहराचा चेहरा तेव्हा एका माणसानं फळीवर उभं राहून रंगवलेला होता.

तर गाजली; पण विकली जाईना. शब्दाला एकदा पाय फुटले, की तो मालकाचं ऐकत नाही. छत्रीची बस हॉस्पिटलला जाते, एवढ्यावर लोक थांबले नाहीत. कुणाच्या सासऱ्याला छत्रीनं नेलं. कुणाला छत्री लागली. एवढा खोकतोयस, छत्री गाठायची आहे का? चक्कीवाला पडला आणि महिनाभर पाय बांधून बसला, तर गल्लीत विचारपूस अशी, की छत्री झाली ना, मग आता बरा होईल. अशा वस्तूला दुकानात जाऊन, भाव करून, हौसेनं कोण घेणार? त्यातून लाल. शाळेतले गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या रिवाजाप्रमाणे आमच्या काकांकडे छत्री सांगितली होती. ती आदल्या दिवशी रद्द झाली. सांगायला आलेले मास्तर खाली बघत म्हणाले, गुरुजींची तब्येत आधीच नाजूक आहे, उगाच त्यांना वाटायचं. गुरुजींना घड्याळ दिलं. राहिलेल्या वेळेची आठवण करून द्यायला घड्याळ चाललं, छत्री चालली नाही.

काकू मागच्या खोलीतून म्हणाल्या, "तुमची छत्री सगळ्या गावानं घेतली. पैसे देऊन कुणी नाही घेतली, एवढंच."

काका परिवहनात गेले आणि मार्ग बदलून मागितला. फूटपट्टीनं सांगितलं, करार मार्गाचा आहे, मुदत संपेपर्यंत छत्री हॉस्पिटललाच जाणार. मुदतीनंतर सोडायची असेल तर खुशाल सोडा. पेंटर एका दिवसात पुसेल, अनामत हातात मिळेल. काका घरी परतले. लाल छत्र्या माळ्यावर चढल्या आणि काकू पुन्हा काळ्यावर काळा टाका घालू लागल्या.

चौकातला गाळा तेवढ्यात रिकामा झाला. गाळ्याच्या मालकानं मागितलेली आगाऊ रक्कम आणि परिवहनाकडे अडकलेली अनामत, यांत उन्नीस-बीसचा फरक. आता गणित सोपं होतं, माझ्यासारख्यालाही चूक काढता येईना. मुदत संपली, काकांनी सही केली, पेंटरनं सगळ्या छत्र्यांवर खात्याचा करडा रंग फिरवला. काका अनामत घेऊन तसेच चौकात गेले. मालक बाहेर गेले होते. येतील इतक्यात, असं कळलं, म्हणून काका समोरच्या बसथांब्यावर बाकावर टेकले.

पुढचं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि मीठमसाला न लावता सांगितलं. काकांच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट.

थांब्यावर एक म्हातारे होते, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि बरोबर त्यांची सून, पोटुशी. तीन बस एकामागे एक आल्या, जशा त्या नेहमीच येतात. बिस्किट पुढे, टूथपेस्ट मागे, मधली करडी. कंडक्टर आत गर्दीत. त्याचा आवाज घंटेत विरलेला. सगळ्या बस निघून गेल्या, ही दोघं तिथंच. आणखी एक करडी आली. तीही गेली. सून म्हणाली, मामंजी, आज छत्री येईना. म्हातारे म्हणाले, येईल, ती चुकायची नाही.

काकांना राहवलं नाही. पुढची करडी दिसताच ते उठले.

"बाबा, बसा हिच्यात. हीच हॉस्पिटलची."

"ही कशी? हिच्यावर छत्री कुठंय?"

"ती काढली."

"कुणी काढली?"

"मी."

म्हाताऱ्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही परिवहनातले?"

"नाही. माझं छत्र्यांचं दुकान आहे."

"मग तुमचा काय संबंध?" म्हातारे म्हणाले. "दुकानदारांनी दुकान बघावं. छत्री हॉस्पिटलची आहे."

काका मला म्हणाले, दोन वर्षं भाडं भरलं, आणि त्या माणसाला ती जाहिरात आहे हेच माहीत नव्हतं. खालचं नाव वाचायला त्याला येत असतं, तर त्यानं आकडाच वाचला नसता का? मी म्हटलं, हे तुमच्या शंभरात एकात धरलेलं दिसत नाही. एरवी ते चिडले असते. या वेळी नुसते हं म्हणाले.

त्या दोघांना त्यांनी बसमध्ये चढवलं. मग पाय बांधलेला एक पोरगा आणि त्याची आई. मग एक बाई, जिला फक्त छत्रीत बस आणि शेवटी उतर, एवढंच सांगून धाडलेलं होतं. एकामागून एक. मधल्या वेळात गाळ्याचा मालक येऊन, चहा पिऊन परत गेला. काकांना तो दिसलाच नाही. अनामत खिशात जशीच्या तशी घेऊन ते अंधार पडता घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची एक लाल छत्री काढून काका निघाले. कुठं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, मालकाला भेटायला. ऊन नाही, पाऊस नाही. थांब्यावर जाऊन ते उभे राहिले. हॉस्पिटलची बस वळणावर दिसली की छत्री उघडायची आणि डोक्यावर धरायची, बस गेली की मिटायची. लोकांनी काही विचारलंच नाही. छत्री दिसली, की तिच्या मागे येऊन रांग लावत. बस उशिरा आली की काकांवरच डाफरत. एकानं तर तक्रारवही मागितली.

असं आठवडाभर चाललं. दुकानावर काकू बसत. गिऱ्हाईक नसलं की आत जाऊन चार टाके घालत. गल्ली हसत होती. मीही हसलो. शेजाऱ्याचं नुकसान डोळ्यांसमोर होत असलं, की माणूस जरा दिलदार होतो. मी म्हटलं, काकू, त्यांना परिवहनात नोकरी तरी लावून द्या, वर्दी मिळेल. काकू हसल्या नाहीत. त्यांनी दुकानाची फळी लावली आणि तशाच चौकाकडे निघाल्या. आता भर चौकात तमाशा होणार, या आशेनं मीही मागोमाग गेलो.

तमाशा झाला नाही. काकू थांब्यापाशी गेल्या, म्हणाल्या, "अहो, महिनाअखेर गाळा दुसऱ्याला जाणार आहे. छत्री उघडायची आहे का दुकान, एक काय ते ठरवा. आणि आधी घरी जाऊन जेवा." काकांनी वळणाकडे पाहिलं. म्हणाले, बस येण्यात आहे. काकूंनी त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली. "जा. तेवढं मला येतं."

काका जेवून, जरा पडून परत येईपर्यंत दुपार झाली. तोवर काकू उभ्याच. समोर गाळा, त्याची खिडकी उघडी, आत उन्हाचा चौकोन फरशीवर. त्या तिकडे बघत होत्या का वळणाकडे, हे मला लांबून कळलं नाही. मधे एका बाईचं तान्हं बाळ त्यांनी हातात घेतलं आणि ती चढल्यावर वर दिलं. एका म्हाताऱ्यानं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं. काका आले, तेव्हा छत्री त्यांच्या हातात देऊन त्या घरी गेल्या.

रात्रीच्या जेवणात काय बोलणं झालं, ते काकांनी नंतर सांगितलं, कारण फार नव्हतंच. काकू भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "पुन्हा रंगवायला किती लागतील?"

"गाळ्याएवढे."

"मग लावा."

"अगं, पण तुझा उजेड..."

"मी म्हटलं ना, लावा. रोज उभं राहून माझे पाय मोडतील, तुमचेही. मग आपल्यालाच छत्री लागेल."

काका परत परिवहनात गेले. या वेळी अट एकच, खाली नाव नको, गल्ली नको, नातवाची ओळ नको. नुसती छत्री. फूटपट्टी गोंधळला. नाव नाही तर जाहिरात कसली, आणि जाहिरात नाही तर भाडं कशाचं? काका म्हणाले, भाडं जागेचं, तुम्हीच सांगितलं होतं. मग काकांनी खरा मुद्दा काढला. अक्षरांची जागा आता रिकामी राहणार, तेवढे फूट कमी करा. फूटपट्टी उठला, डेपोत गेला, टेप लावून अक्षरांच्या ओळी मोजल्या आणि तेवढे पैसे प्रामाणिकपणे कमी केले. शिवाय त्या रिकाम्या पट्टीवर दुसऱ्या कुणाची जाहिरात लावली नाही. त्याला त्या दिवसापासून मी साहेब म्हणू लागलो.

पेंटरनं छत्री पुन्हा काढली. आधीपेक्षा जरा डौलदार. आता खाली अक्षरं नसल्यानं मुठीला वळण द्यायला जागा मिळाली, म्हणाला. काका दर करार संपला की नवा करत गेले, दुकान चालेल तसं भाडं भरत गेले. नाव गेल्यावर काळ्या छत्र्यांवरचा डाग हळूहळू उतरला. शाळेतल्या पुढच्या मास्तरांना निवृत्तीला पुन्हा छत्री मिळाली. काळी.

आता बसवर हातानं कुणी रंगवत नाही. छापलेला कागद येतो, काचांसकट अख्ख्या बसला गुंडाळतात. आज फोन, उद्या घरं, परवा एखादी शिकवणी. आतून शहर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. कपाळावर आकडा आणि हॉस्पिटलचं नाव दिव्यांनी उजळून धावतं, कंडक्टरऐवजी एक बाई आतून गोड आवाजात सांगते. परिवहनाला मिळतं पुष्कळ, आणि चांगलंच आहे. बस चालायला हव्यात. पेंटरची शेड पाडली. काका गेले. शेवटच्या आजारात त्यांना हॉस्पिटलला नेलं ते टॅक्सीनं. मी बसनं नेऊ म्हणत होतो, पण त्यांनीच नको म्हटलं. मला वाटतं, त्यांना तो कागद बघायचा नव्हता. चौकातल्या गाळ्यात, तो हातचा गेला तेव्हापासून, चपलांचं दुकान आहे, आणि खिडकी त्यांनी फळ्या ठोकून बंद केली आहे, कारण उन्हानं चामडं तडकतं.

हिशेब मांडायचा तर असा. परिवहनाला भाडं मिळालं, अक्षरांचे फूट वजा जाता पूर्ण. पेंटरचा लाल रंग खपला. जाणाऱ्यांनी तिकिटापलीकडे काही दिलं नाही, आणि आपण कुणाचं काही घेतलं, हेही त्यांना कधी कळलं नाही. गल्ली म्हणते, काकांनी गाळा घालवला. मला ते पटत नाही. काकांना गाळा गिऱ्हाइकासाठी हवा होता, आणि गिऱ्हाईक पुढे बऱ्यापैकी आलंही. काकूंना तो उजेडासाठी हवा होता. त्या परवा माझ्याकडे दोरा घ्यायला आल्या. कुठला देऊ, विचारलं. त्यांनी रीळ बोटांनी चाचपलं, डोळ्यांपाशी नेलंच नाही, आणि विचारलं, "हा काळाच आहे ना?"

छत्रीचं भाडं भरलं काकूंनी.